‘काढून टाका’ म्हणाले तो पंप

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे. या दुष्काळात पंप म्हटलं की नगर जिल्ह्यातला माणूस आधी पाणी शोधतो, आणि पाणी नाही म्हटल्यावर पाठ फिरवतो. फिरवू दे. मी मोटारीतला पंप आहे. तांब्याएवढा, काळा, इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्याबरोबर मी फिरतो आणि माझ्या पोटातलं तेल जोरानं स्टिअरिंगकडे धाव घेतं. चालवणारा चार बोटांनी चाक फिरवतो आणि दोन टनांची गाडी निमूट वळते. त्याला वाटतं, आपणच वळवली. वाटू दे, त्याचंही मला काही नाही.

पण मला गळका म्हणाले. अमेरिकन नखरा म्हणाले. ‘काढून टाका’ हे दोन शब्द तर इतक्या तोंडांतून ऐकले की माझ्या जागी माणूस असता तर कधीच मान खाली घालून निघून गेला असता. मी गेलो नाही. का गेलो नाही, ते सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव कवचात एक पोलादी दांडा, दांड्यावर गोल चकती, चकतीला दहा खाचा आणि दर खाचेत एक पातळ पाती. चकती गरगरली की पात्या बाहेर सरकतात, भिंतीला घासत जातात आणि तेल पुढे रेटतात. एवढंच माझं काळीज. दांडा जिथून बाहेर डोकावतो तिथं तेल झिरपू नये म्हणून रबराचं एक कडं असतं. मिस्त्री लोक त्याला सील म्हणतात. पात्या आणि सील. बाकी विसरलात तरी चालेल.

छप्पन साली एका लांबलचक निळ्या स्टेशन वॅगनमध्ये बसून मी बोटीनं मुंबईला आणि तिथून नगरला आलो. एका दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरची ती गाडी. स्टिअरिंग डावीकडे, आणि मागं एवढी जागा की खाटेसकट रोगी आत सरकवावा. भिमाजी तिचा ड्रायव्हर. त्याच साली त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गाडीला लिंबू-मिरची बांधायला कुणी आलं, तर तो म्हणे, “गाडीला डोळं माझं हायती. लिंबाचं काय काम?” तेरा वर्षं त्यानं मला एका जातीचं लाल तेल पाजलं, तेही डॉक्टरनं परदेशातून आणवलेल्या डब्यातलं. दर महिन्याला माझं झाकण उघडून तो आत डोकावायचा. मला तेव्हा वाटे, माणसं अशीच असतात.

एकोणसत्तर साली डॉक्टर मायदेशी परतला. जाताना गाडीचे कागद भिमाजीच्या नावावर करून गेला. लाल तेलाचे दोन डबेही ठेवून गेला.

आता जिच्यासाठी मी बोलतोय ती सांगतो. मनकर्णा, भिमाजीची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांची असताना तापात तिचा उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण बारीक, दमून लोंबणारा. बोटं हलतात, जोर नाही. तिनं नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. पहिल्या बाकावर बसून डाव्या हातानं लिहिलं. आणि पदवीचा कागद हातात आला त्याच आठवड्यात बापाला म्हणाली, “आबा, मला गाडी शिकव.”

ऐका, ही गोष्ट साधी आहे, पण भल्याभल्यांच्या डोक्यात शिरली नाही. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला. गिअर टाकताना चाक उजव्या हातात राहणार, आणि मनकर्णाच्या त्याच हातात जोर नाही. आमच्या वॅगनचं उलटं. चाक डाव्या हातात, आणि गिअरचा दांडा चाकाखालीच उजव्या बाजूला, दोन बोटांनी ढकलला तरी पडतो. राहिला प्रश्न एवढं जड धूड एका हातानं वळवायचा. तो माझा प्रश्न होता, आणि मी तो सोडवत होतो. अख्ख्या जिल्ह्यात मनकर्णाला चालवता येईल अशी एकच गाडी होती. तीही मी चालू होतो तोवर.

भिंगारच्या माळावर ती महिनाभर आठचा आकडा गिरवत होती. लायसनच्या परीक्षेला गेली तेव्हा साहेबानं तिच्या हाताकडे पाहिलं.

“बाई, एका हातानं गाडी?”

“साहेब, तुम्ही सही किती हातांनी करता?”

साहेब हसला नाही. त्यानं तिला गाडी मागं मागं घेत दोन पिंपांमधून तीनदा न्यायला लावली. तीनदाही पिंपं जागची हलली नाहीत. मग त्यानं सही केली.

दोन वर्षं बरी गेली. बहात्तरला पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. पाथर्डीकडची माणसं एरवी ऊसतोडीला बाहेर जातात. त्या साली ऊसही नव्हता आणि तोडही नव्हती. सगळी रानं ओस टाकून लोक दुष्काळी कामांवर आले, खडी फोडायला, माती वाहायला. पाथर्डीच्या पुढं माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. तिथं बायांबरोबर दोनशे लेकरं उन्हात बसलेली असायची.

उत्तमराव गुरुजी म्हणून एक निवृत्त मास्तर. त्यांनी नगरात एक समिती उभी केली होती. गहू, डाळ, गूळ, तेल एकत्र भाजून कुटलेली सुकडी ते कामांवरच्या लेकरांना पोचवत. पाझर तलावाशी मात्र ट्रक जाईना. डांबरी सडकेच्या फाट्यावर पोती टाकून तो परतायचा. फाट्यापासून काम पाच मैल. पोती तिथंच राहायची, नाहीतर भलतीकडे जायची. गुरुजी गाडी शोधत भिमाजीकडे आले. भिमाजीच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. तो काही म्हणायच्या आत मनकर्णा म्हणाली, “मी नेते.”

मग आठवड्यातून तीनदा आम्ही जात होतो. नगर, करंजीचा घाट, तिसगाव, पाथर्डी, फाटा, माळ. पोहोचलो की मनकर्णा मागचं दार उघडायची आणि लेकरांना ओळीत बसवायची. पहिल्याच दिवशी मुकादम पुढं आला.

“ताई, त्या वस्तीची पोरं जरा पल्याड बसवा. दुसरी वळ करा.”

“त्यांची भूक पल्याडची आहे का? ओळ एकच.”

“मान्सं बोलत्यात, म्हनून म्हनलं.”

“बोलू द्या. बोलणाऱ्यांनाही मूठभर देते. या, बसा ओळीत.”

मुकादम बसला नाही, पण ओळही मोडली नाही. बोनेटखाली मी तापून चटका लागेलसा झालो होतो, तरी ते ऐकून मला गार वाटलं.

इथून माझे दिवस फिरले. माणसाची एक खोड मला कधी कळली नाही. तो गाडीची काच पुसतो, निकलची पट्टी चमकवतो, शिंगासारखा भोंगा दहादा वाजवून बघतो. जो अवयव न बोलता राबतो, त्याचं झाकण मात्र उघडत नाही. भिमाजीला दिसेनासं झालं आणि मनकर्णाला वेळ मिळेनासा झाला. माझं सील सोळा वर्षांचं. उन्हानं ते कडक झालं, दांड्याभोवती चीर पडली आणि मी थेंब थेंब गळू लागलो. लाल तेलाचे डबे संपले. मग जे मिळेल ते माझ्या पोटात पडू लागलं.

त्यात सहादेव मिस्त्रीचा लळा आड आला. हो, लळाच. भिमाजीच्या बोळात वॅगन मावत नसे, म्हणून ती भिंगारच्या अलीकडं सहादेवच्या गॅरेजात उभी राहायची. सहादेव शनीचा भक्त. दर शनिवारी तो शिंगणापूरच्या दिशेला हात जोडायचा आणि आवारातल्या एकेका गाडीत कुठं ना कुठं पळीभर तेल सोडायचा. जीपच्या बिजागरीत, ट्रकच्या कडीत. भिमाजीला असलं काही खपायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. पण पोर तर घाटातनं जातीय! म्हणून तो इकडंतिकडं बघून आमचं बोनेट उचलायचा. माझं झाकण त्याला सोयीचं वाटलं. “पोरीला सांबाळ रं देवा,” असं पुटपुटत तो करडईचं तेल माझ्या पोटात ओतायचा.

मी ओरडलो. पंपाचं ओरडणं म्हणजे घूं असा आवाज. सहादेवला वाटलं, देवाला पोचलं.

करडईचं तेल खाण्यात गोड. पण तापलं, निवलं, पुन्हा तापलं की त्याचा डिंक होतो. तो डिंक माझ्या खाचांत भरत गेला. एकेक पाती अडकत चालली. मला सगळं कळत होतं आणि सांगता काही येत नव्हतं.

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी, घाट उतरताना, मी संपलो. उतारावर इंजिन मंद फिरतं, म्हणजे मीही मंदच फिरतो. नेमकं तिथंच मोठं वळण आलं. मनकर्णानं चाक फिरवलं आणि ते दगडासारखं थांबलं. तिनं ब्रेकवर पाय दाबला, डाव्या हाताचं मनगट, खांदा, सगळं अंग चाकावर टाकलं. गाडी वळली, पण अर्धीच. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून ती थांबली. ढिगापलीकडे दरी होती.

मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला. “बाई हाय व्हय गाडीवर! तरीच म्हनलं.”

“तरीच काय?” मनकर्णा दार ढकलून खडीत उतरली. “मागं चार पोती सुकडी आहे. तुमचा ट्रक फाट्यावरून जातो. घेऊन चला. मीही येते.”

त्यानं पोती घेतली. तिलाही घेतलं. त्या दिवशी फाट्यापासून पाच मैल बायांनी पोती डोक्यावर नेली. लेकरांना सुकडी मिळाली ती दिवस मावळताना.

दुसऱ्या दिवशी सहादेव एस.टी.नं घाटात आला आणि मला शिव्या घालत, दोन्ही हातांनी चाक ओढत गाडी नगरला घेऊन गेला. गॅरेजात पोहोचल्यावर त्यानं मनगटं झटकली.

“गडी मानसाची मनगटं गेली माझी! भिमाजीदादा, ह्यो पंप काढून टाकू. पट्टा काढला की झालं. साधं स्टिअरिंग हुईल. जड चालंल, पर चालंल.”

“मला चालेल का?” मनकर्णानं विचारलं.

सहादेव खाली बघू लागला. “तुला कशाला तरास, मनू? एखादा गडी ठेवू ड्रायव्हर म्हनून. तू बस की शेजारी. सुकडी वाट.”

“ह्याचं सील बदलता येणार नाही?”

“असलं सील हितं कुटं गावतंय? अमेरिकंला जावं लागंल.”

भिमाजी खांबाला टेकून उभा होता. त्याला लेकीचा चेहरा अंधुकच दिसत असावा. तो हळू म्हणाला, “मने, सहादेव खोटं बोलत न्हाई. लई झालं आता. त्या वळनावर तुला काय झालं असतं तर?”

उत्तमराव गुरुजीही आले होते. ते म्हणाले, “बेटा, मी सोमवारपर्यंत थांबतो. तोवर पोती फाट्यावर टाकायला ट्रक आहे. सोमवारी गाडी निघाली नाही, तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल. लेकरांना थांबा म्हणता येत नाही.”

बघा, यातला एकही माणूस वाईट नव्हता. सगळे तिच्या काळजीनंच बोलत होते. पण काळजी असते तरी किती जड! त्या दिवशी ती माझ्यापेक्षाही जड झाली आणि तिच्या मांडीवर येऊन बसली. पंप काढा, मग मनकर्णाही निघाली. पुन्हा जिल्ह्यात तिच्यासाठी गाडी नाही.

मनकर्णानं पाना उचलला. “पंप काढायचा आहे,” ती म्हणाली. सहादेवचा चेहरा उजळला. “पण टाकायला नाही. उघडायला.”

तिनं मला घरी आणलं. आईनं, चांगुणाबाईनं, भाकरीची परात नाक मुरडत दिली. मनकर्णानं मला दोन पायांच्या तळव्यांत घट्ट धरलं आणि डाव्या हातानं सहादेवच्या पुलरनं पट्ट्याखालची माझी पुली ओढून काढली. दोनदा पाना निसटला, एकदा तिचं बोट सोललं. तिनं बोट तोंडात घातलं, थुंकली आणि पुन्हा पाना धरला. आतलं सील तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. काळं, करपलेल्या पापडासारखं.

मग तिनं वहीच्या पुठ्ठ्याचं तेवढंच कडं कापलं. आतलं भोक माझ्या दांड्याएवढं, बाहेरचा घेर सील बसतं त्या बिळाएवढा. ते पुठ्ठ्याचं कडं पर्समध्ये टाकून ती निघाली. नगरातली सात दुकानं झाली. पिठाची गिरणी झाली. राहुरीला ट्रॅक्टरचं सामान विकणारा दुकानदार कड्याकडे बघून म्हणाला, “बाई, बांगडीचं दुकान पुढं हाय.” तिनं त्याच्याकडूनच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल घेतलं आणि सांगितलं, “बांगडी भरायचीच आहे. लोखंडाला भरतेय.”

शनिवारी ती समितीच्या ट्रकनं फाट्यापर्यंत आणि पुढं बायांबरोबर चालत पाझर तलावावर गेली. सुकडी वाटून झाल्यावर एक उंच, पांढऱ्या मिशीचा गडी जवळ आला. काकासाहेब. करंजीजवळचा बागाईतदार. दोन वर्षांमागं त्याच्या शेतावर चाळीस माणसं राबत. आता तो स्वतः घमेली वाहत होता, आणि त्याची नातवंडं त्याच ओळीत बसत होती.

“गाडी कुटं गेली, पोरी?”

तिनं पुठ्ठ्याचं कडं दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, बोट आत घालून फिरवलं.

“आसंच एक माझ्या विहिरीवरच्या इंजिनाचं हाय. इंजिनासंगं जादा आलं हुतं. मेनकागदात हाय कोनाड्यात.”

“तुमचं इंजिन सुरू झालं की लागेल की ते तुम्हाला.”

काकासाहेब कोरड्या माळाकडं बघत राहिला. “पानी आलं, तर मी सील बी आनीन आन पेढं बी आनीन. तू आधी गाडी आन. ही पाच मैलांची पायपीट करून आमच्या बायकांची मान मोडली.”

तिनं सील आणलं. आतून ते माझ्या दांड्यावर अचूक बसत होतं, बाहेरून जरा लहान पडत होतं. सहादेव कुरकुरत शेजारच्या लेथवर गेला, एका पितळी नळीचा तुकडा कातला आणि सीलभोवती बसेल असं पातळ कडं करून आणलं. कारागीर पक्का. “बसंल,” म्हणाला, “पर बसून काय उपेग?”

रविवारी सकाळी मी पुन्हा गाडीत बसलो. मनकर्णानं नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं आणि खाली वाकून बघितलं. एक थेंब नाही! ती हसली. मग आत बसून तिनं चाक फिरवलं.

चाक हललं नाही.

तिनं पुन्हा जोर लावला. मी घूं घूं केलं, जीव तोडून केलं. माझी चकती फिरत होती, पण पात्या खाचांत चिकटून बसलेल्या. रेटणार कशानं? गळत नव्हतो, आणि कामाचाही नव्हतो. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला लाज वाटली ती तेवढ्याच क्षणी.

“सांगितलं हुतं,” सहादेव म्हणाला. त्याच्या बोलण्यात जीत नव्हती. “पंपाचं आयुष्य सरलं, मनू. सोड आता.”

मनकर्णा गाडीतून उतरली आणि मडगार्डला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. तसं झालं नाही. ती स्वतःवरच चिडली होती. “मी घाई केली. पुढचं झाकण उघडलं, पोट उघडलंच नाही. गळतंय तेवढंच बघितलं.” आणि तिनं पुन्हा पाना उचलला.

या खेपेला परात अंगणात आली. सहादेवही आला, गाडी त्याच्या आवारातली म्हणून असेल, नाहीतर मन खात होतं म्हणून. मनकर्णानं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पेन्सिलीनं माझं चित्र काढलं आणि निघेल तो भाग त्या त्या आकड्यावर ठेवत गेली. माझं मागचं झाकण निघालं. चकती निघाली. पात्या मात्र एकही निघेना. सगळ्या पिवळट, चिकट रापात रुतल्या होत्या.

“झिजल्यात,” सहादेव म्हणाला.

“झिजल्या असत्या तर सैल झाल्या असत्या. ह्या तर जाम आहेत.”

चांगुणाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. तिनं परातीकडं नाक नेलं. मग बोटानं तो राप उचलला, दोन बोटांत ताणला. तार निघाली.

“ही तर करडी हाय! माझा बाप करडीचं तेल कडवून रोगन करायचा, मोटंच्या चामड्याला लावायला. अशीच तार निघायची. हाताला लागलं तर आठ-आठ दिस निगत नव्हतं.”

“गाडीत करडईचं तेल?” मनकर्णा म्हणाली. “कोण घालेल?”

सहादेवची टोपी डोक्यावरून त्याच्या हातात आली होती.

“मी,” तो म्हणाला. “दर शनवारी. पळी-पळी.”

“सहादेवमामा!”

“तू घाटातनं जायचीस. भिमाजीदादा लिंबू बी बांधू देईना. मग मी म्हनलं, निदान देवाच्या नावानं...” त्यानं रापात अडकलेल्या एका पातीला बोट लावलं. “मीच पोरीला खडीत घातली.”

भिमाजी आतून चाचपडत बाहेर आला होता. मला वाटलं, आता त्याचा राग निघणार. भिमाजी खाटेवर बसला. “सहादेवा,” तो म्हणाला, “काळजी वाटत हुती तर मला सांगायचं. दोगं मिळून त्येच्या झाकनात बघितलं असतं. मला दिसत न्हाई, आन तू डोळं मिटून हात जोडतोस. मग बगायचं कुनी?”

“मी बघतेय,” मनकर्णा म्हणाली. “आई, धुण्याचा सोडा आहे का? आणि पाणी?”

पाणी! टँकर तीन दिवसांनी यायचा. घरात दीड हंडा शिल्लक. चांगुणाबाईनं क्षणभर हंड्याकडं पाहिलं, मग तांब्या बुडवला. “आज माझी आंघोळ ह्या लोखंडाला,” ती म्हणाली आणि तांब्या पातेल्यात रिकामा केला.

सोड्याच्या उकळत्या पाण्यात माझं काळीज तासभर खदखदलं. वास असा सुटला की शेजारीण डोकावली. “काय गं चांगुणा, कालवन कसलं?”

“अमेरिकन हाय. जेवायला ये.”

एकेक पाती सुटी होत गेली. पहिली सुटली तेव्हा सहादेवच ओरडला, “निगाली!” त्यानं आपलं मऊ फडकं काढलं, पात्या पुसल्या आणि काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून कडा हलकेच घासून दिल्या. त्या कुठंच झिजल्या नव्हत्या. सोळा वर्षांत एकही! मला कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. मी मेलो नव्हतो. मला चिकटवून ठेवलं होतं.

पात्या बसवताना सहादेवनं हात पुढं केला. मनकर्णानं मान हलवली. “तुम्ही सांगा. बसवते मी.”

“गोल कड भायेर. चपटी आत.”

“का?”

“का म्हंजे? भायेरची भिंत गोल हाय म्हनून. कॉलेजात ह्ये न्हाई शिकवलं?”

“कॉलेजात देवाला पळीभर तेल द्यायचंही नाही शिकवलं.”

सहादेव मोठ्यानं हसला, आणि हसताहसताच त्यानं डोळे पुसले. दहा खाचा, दहा पात्या. डाव्या हाताच्या चिमटीनं तिनं त्या बसवल्या. आणि उजव्या हातानं? त्या बारीक, दमलेल्या हाताची दोन बोटं तिनं चकतीवर टेकवून ठेवली, ती हलू नये म्हणून. तेवढा भार त्यांना पेलत होता. मला त्यांचा स्पर्श अजून कळतो.

सोमवारी सकाळी चार पोती मागं चढली. सहादेव न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला. घाटाच्या तोंडाशी त्याचा हात चाकाकडं सरकू लागला.

“मनू, ह्ये एक वळन मी धरतो. एकच.”

“मामा, हात मांडीवर.”

“आगं पर...”

“मांडीवर.”

इंजिन मंद झालं. उतार लागला. त्या ढिगातली थोडी खडी अजून रस्त्यावर पसरली होती. मनकर्णानं चाक फिरवलं आणि माझ्या दहाच्या दहा पात्या एकदम भिंतीला भिडल्या. मी रेटलं. देवाच्या नावानं नाही, डॉक्टरच्या नावानंही नाही. जिनं मला परातीत उघडं करून, बोट सोलून घेऊन पुन्हा जोडलं, तिच्या डाव्या हातासाठी रेटलं. गाडी वळली, पूर्ण वळली. सहादेवनं हात मांडीवर इतके आवळले होते की त्याची नखं पांढरी पडली होती.

माळावर बाया घमेली खाली ठेवून उभ्या राहिल्या. काकासाहेबानं बोनेट उचलायला लावलं, आपलं सील कुठं बसलंय ते बघितलं आणि माझ्यावर थाप मारली. “ह्येला म्हनत्यात व्हय पंप! माझ्या विहिरीवरच्या परास हुशार दिसतोय.”

त्याला आता तीन महिने होतील. सांगायला हरकत नाही, मी अजून थोडा झिरपतो. सील उसनं, कडं पितळी, दांड्यावर सोळा वर्षांची घळ पडलेली. दिवसाला दोन-चार थेंब जातात. मनकर्णा दर सकाळी झाकण उघडून बघते. सहादेवही बघतो, रिकाम्या हातानं. आणि तरी गॅरेजात येणारा एखादा शहाणा कमरेवर हात ठेवून म्हणतोच, “हे गळतंय. काढून का टाकत नाही?”

अरे शहाण्या, गळतं म्हणून टाकायचं ठरवलंस तर तुझ्या हाती काय उरेल? जुनं झालं, टाक. एक हात चालत नाही, बसव घरी. पाच मैल आत आहे, पोती फाट्यावर फेक. तुझं सगळं शहाणपण या टाकण्यात जातं. एकदा उघडून बघ ना! तुझ्या भाषेत ज्याला संपलं म्हणतात, त्यातलं निम्मं नुसतं चिकटून बसलेलं असतं. ते सोडवायला तांब्याभर पाणी लागतं आणि माघार न घेणारा एक हात. दोनच पाहिजेत असंही नाही.

मी दयेची भीक मागत नाही. तेल योग्य द्या आणि बाजूला व्हा, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या दिवशी मनकर्णा स्वतः पाना खाली ठेवून म्हणेल, “बस झालं,” त्या दिवशी मी उतरेन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून उतरणार नाही.

आता बोलणं पुरे. पोती चढली आहेत, पट्टा ताणलेला आहे आणि समोर घाट आहे. तिनं चाकाला हात घातला. मला कामाला लागलं पाहिजे.